दांडा, सांधा आणि वंगण

जीपगाडी कशी असते हे महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. तालुक्याच्या गावी कचेरीसमोर, धरणाच्या कामावर, जंगलखात्याच्या नाक्यावर, नाहीतर एखाद्या बागाईतदाराच्या खळ्यात ती उभी असलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे चौकोनी तोंड, तिचे ताडपत्रीचे छप्पर, तिचा तो खडखडाट हे सगळे ओळखीचे. पण तिच्या पोटाखाली वाकून पाहणारे मात्र थोडे. कुणी पाहिलेच, तर त्याला दोन पोलादी नळ्या दिसतील. एक मागच्या चाकांकडे जाते, एक पुढच्या. दोहोंच्या टोकांना बेचक्यासारखे सांधे असतात आणि त्या सांध्यांवर धुळीचा नि ग्रीसचा काळा थर असतो. गॅरेजात त्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी दांडा म्हणू.

या दांड्याचा इतिहास आज सांगायचा आहे. राजे, लढाया आणि तह सोडून इतिहासाच्या माणसाने गाडीखाली कशाला शिरावे, असे कुणी म्हणेल. पण माणसाने हातांनी जे घडवले आणि हातांनीच जे टिकवले, तोही इतिहासच आहे. आपली पुस्तके घडवणाऱ्याचे नाव लिहितात आणि टिकवणाऱ्याला विसरतात. या दांड्याच्या कथेत हा दुसरा माणूस वगळताच येत नाही, म्हणून ती सांगण्यासारखी आहे.

प्रथम अडचण काय होती ती पाहू. मोटारीचे इंजिन सांगाड्याला घट्ट बांधलेले असते. चाके मात्र स्प्रिंगांवर असतात. खड्डा आला की चाक खाली जाते, दगड आला की वर उडते. इंजिनाची गती त्या चाकापर्यंत न्यायची, पण मधला दुवा ताठ ठेवता येत नाही. ताठ ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात तो मोडेल. म्हणजे या दुव्याने तीन गोष्टी एकाच वेळी साधायला हव्यात. त्याने फिरत फिरत कोन बदलावा, चाक वरखाली होईल तशी आपली लांबी कमीजास्त करावी, आणि हे सर्व करताना गतीला हिसका बसू देऊ नये. बैलगाडीत हा प्रश्नच नव्हता. तिथे ओढणारा पुढे आणि चाक मागे, आणि आस स्वतः फिरतसुद्धा नाही. घोड्यांची गाडी गेली आणि इंजिनाने चाकच फिरवायला घेतले, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला.

आरंभीच्या मोटारींनी तो पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी सोडवला. सायकलीसारखी साखळी, फक्त जाड. ती ढिली पडे, तुटे, धूळ खाई आणि आवाज तर असा करी की शेजारी बसलेल्याशी बोलणे कठीण. १८९८ साली लुई रेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने आपल्या लहानशा मोटारीतून साखळी काढून टाकली आणि तिच्या जागी सांध्यांचा फिरता दांडा बसवला. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीच्या रू लपिक या चढावर त्याने ती गाडी चढवून दाखवली. पाहणाऱ्यांनी तिथल्या तिथे गाड्यांची मागणी नोंदवली, आणि एका मोठ्या कारखान्याचा पाया पडला.

रेनोने दांडा वापरला, पण त्यातला सांधा त्याचा नव्हता. तो फार जुना. दिव्यातले तेल सांडू नये, शाईची दौत कलंडू नये, म्हणून एकात एक फिरणाऱ्या कड्यांत वस्तू टांगण्याची युक्ती प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती, चिनी कारागिरांनाही ठाऊक होती. जहाजावरचे होकायंत्र अशाच कड्यांत टांगलेले असते. जहाज डुलते, होकायंत्र सपाट राहते. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्दानो याने आपल्या १५५० च्या ग्रंथात अशा रचनेचे वर्णन केले. त्याने ती शोधली नव्हती, पण नाव त्याचे पडले. आजही युरोपात या दांड्याला कार्डान शाफ्ट म्हणतात. वर्णन करणाऱ्याला मान मिळावा आणि करणाऱ्या कारागिराचे नाव हरवावे, हे या कथेत पहिल्याच पानावर घडते.

टांगण्याच्या या कड्यांतून गती पुढे नेणारा सांधा नीट मांडला तो रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने. सूक्ष्मदर्शकातून पेशी प्रथम पाहणारा तोच हा हुक. सूर्याच्या निरीक्षणाच्या उपकरणांवर त्याने एक पुस्तक लिहिले, ते १६७६ साली छापले गेले. त्यात त्याने हा सांधा वर्णिला आणि त्याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हे नावही दिले. रचना अगदी साधी. दोन बेचकी समोरासमोर धरा, एक उभे आणि एक आडवे. त्यांच्या मध्ये अधिकच्या खुणेसारखा चार टोकांचा पोलादी तुकडा बसवा. दोन टोके एका बेचक्यात, दोन दुसऱ्यात. एक बेचके फिरवले की दुसरे फिरते, मग त्यांच्यामध्ये कोन असला तरी चालते. मधल्या तुकड्याला आपले मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. जीपगाडीच्या दांड्यावर आज जो क्रॉस आहे, त्याचे मूळ साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात आहे.

या सांध्यात एक खोड आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहासही कळत नाही आणि दुरुस्तीही साधत नाही. सांध्यात कोन असेल, तर अलीकडचे बेचके एकाच वेगाने फिरले तरी पलीकडचे एकाच वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात ते दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन दहा अंशांचा असेल आणि अलीकडे मिनिटाला १००० फेरे असतील, तर पलीकडचा वेग सुमारे ९८५ आणि १०१५ यांच्यामध्ये हेलकावे घेतो. एवढे चालून जाते. पण कोन तीस अंशांचा झाला की हाच हेलकावा साधारण ८६६ पासून ११५५ पर्यंत जातो. गाडीला हिसके बसतील, दात्यांवर घाव पडतील.

हुकला ही खोड माहीत होती, आणि उपायही त्यानेच सुचवला. एका सांध्याऐवजी दोन घ्या. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांची बेचकी एकाच पातळीत ठेवा आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे राखा. मग पहिला सांधा जो हेलकावा निर्माण करतो, तोच दुसरा सांधा उलट फेडून टाकतो. मधला दांडा हेलकावे खात राहतो, पण शेवटचे टोक पुन्हा एकसारखे फिरते. जमाखर्चाच्या वहीत एका पानावरची चूक दुसऱ्या पानावर तितक्याच रकमेने वळती व्हावी, तसे हे आहे. अट एकच, दोन्ही रकमा सारख्या हव्यात. ही अट पुढे गॅरेजात कशी मोडली जाते ते आपण पाहणारच आहोत.

हुकनंतर सव्वादोनशे वर्षे हा सांधा कारखान्यांत आणि उपकरणांत फिरत राहिला. मोटारीत आल्यावर मात्र त्याची नवीच परीक्षा सुरू झाली. उपकरण टेबलावर असते, मोटारीचा दांडा रस्त्यापासून वीतभर उंचीवर. तिथे चिखल, धूळ, पाणी. उघडा सांधा पाहता पाहता झिजे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या तरुणाने मोटार तयार करताना हीच अडचण हेरली. त्याला १९०३ साली पेटंट मिळाले. या पेटंटमधली खरी कल्पकता होती ती सांध्याभोवतीच्या आवरणात. आतले वंगण बाहेर पडू नये आणि बाहेरची धूळ आत शिरू नये, एवढेच त्या आवरणाचे काम. १९०४ साली न्यू जर्सीमधील प्लेनफील्ड येथे त्याने सांधे तयार करायला आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत मोटारींच्या कारखान्यांत स्पायसर हे नाव घरच्यासारखे झाले. हुकने सांध्याला गती दिली, स्पायसरने त्याला आयुष्य दिले. हे आयुष्य आले कशातून? वंगण जागच्या जागी राहण्यातून. आपल्या गाडीवानालाही हे कळत होते. त्याच्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे उगाच टांगलेले नसे.

आता चारही चाकांना गती देण्याचा प्रश्न. मागची चाके केवळ फिरतात. पुढच्या चाकांना फिरायचेही असते आणि वळायचेही असते. हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या कारखान्याने १९०३ साली चारही चाकांना गती देणारी मोटार काढली होती, पण ती शर्यतीची आणि महागडी चीज. कामाची चारचाकी गती खेड्यातून आली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तिथले ऑटो झॅको आणि त्याचा मेहुणा विल्यम बेसरडिच हे दोघे यंत्रदुरुस्ती करणारे. १९०८ च्या सुमारास त्यांनी पुढच्या चाकाशी असणारा सांधा एका पोकळ गोळ्यात बंद केला. गोळा वळे, आतला सांधा फिरे, आणि वंगण गोळ्यात राही. पहिल्या महायुद्धात या जातीच्या मालमोटारी फ्रान्सच्या चिखलात धावल्या.

वळणाऱ्या चाकाजवळ कोन मोठा होतो, आणि हुकच्या सांध्याची खोड इथे पुन्हा डोके वर काढते. दोन सांधे लावायला जागा नसते. म्हणून वेग ढळू न देणारा सांधा हवा होता. १९२० नंतरच्या दहा वर्षांत तो तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सुचला. अमेरिकेत कार्ल वाइस याने गोळ्या आणि खाचा यांचा सांधा केला. फ्रान्समध्ये पिएर फनाय याने सरकत्या तुकड्यांचा केला, आणि झाँ-आल्बेर ग्रेग्वार याच्या त्राक्ता मोटारीमुळे तो त्याच नावाने ओळखला गेला. फोर्ड कंपनीतील आल्फ्रेड झेप्पा याने सहा पोलादी गोळ्यांचा केला. तिघांच्या मुळाशी एकच भूमितीची गोष्ट आहे. दोन दांड्यांमधला कोन ज्या पातळीने बरोबर अर्धा होतो, त्या पातळीतच दोघांचा स्पर्श राखावा, म्हणजे वेग सारखा राहतो. झेप्पाच्या सांध्याची पिढी आज जगातल्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांत आहे.

अशी सगळी सामग्री तयार असताना दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने हलकी, चारही चाकांनी चालणारी गाडी मागवली, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत द्या म्हणून सांगितले. पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून हे आव्हान घेतले. दिवस इतके थोडे होते की आस आणि दांडे नव्याने आखत बसणे शक्यच नव्हते. स्पायसर कंपनीकडून स्टुडबेकर मोटारीच्या नमुन्यावरच्या आसा बदलून घेतल्या गेल्या. २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना सैन्याच्या हवाली झाला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या.

या गाडीच्या पोटातली मांडणी अशी. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची पेटी. तिच्यातून एक दांडा मागे, एक पुढे. पुढचा हवा तेव्हाच जोडायचा. खालच्या गिअरात पेटी गतीला आणखी कमी करते आणि जोर वाढवते. पहिल्या गिअरात २.६६ पट, पेटीत १.९७ पट, म्हणजे दांड्यांवर इंजिनाच्या सुमारे सव्वापाच पट पीळ येतो. साठ अश्वशक्तीची गाडी डोंगर चढते ती या बळावर, आणि दांड्याचा क्रॉस तुटतो तोही बहुधा याच बळाने.

पुढच्या चाकांजवळच्या सांध्यांची कथा तर नमुनेदार आहे. असे सांधे घडवायला अचूक यंत्रे आणि कुशल हात लागत. युद्धाच्या घाईत सगळी गरज एकाच जातीच्या सांध्यावर भागवता येईना. म्हणून एकाच जीपगाडीत वाइसचा, झेप्पाचा, त्राक्ताचा आणि स्पायसरचा, असे चार जातींचे सांधे बसवले गेले. बाहेरून गाडी तीच. आत कोणता सांधा आहे हे मात्र उघडणाऱ्याला ओळखावे लागे. म्हणजे कारखान्यातली विविधता निस्तरण्याचे ज्ञान शेवटी दुरुस्तीवाल्यानेच मिळवायचे.

सैन्याने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. देखभालीची पहिली पायरी त्यांनी कारखान्यावर सोपवली नाही, ती चालवणाऱ्या शिपायावर सोपवली. निघण्यापूर्वी पाहायचे, चालताना कान द्यायचा, थांबल्यावर हात लावून पाहायचे, परतल्यावर पुन्हा पाहायचे, असा नियम गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेला असे. दांड्यांच्या सांध्यांना साधारण दर हजार मैलांनी ग्रीस, आणि पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याआधीही. जगभरच्या वाळूत, चिखलात, हिमात ही गाडी टिकली याचे श्रेय पोलादाइतकेच त्या छापील तक्त्याला आहे.

युद्ध संपले आणि जीपगाडीची कथा मुंबईशी येऊन मिळाली. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर तिचे भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्या सुमारास अमेरिकेतून सुटे भाग पेट्यांतून येत आणि माझगावला जीपगाड्या जोडल्या जात. १९५४ मध्ये विलीज कंपनीशी सहकार्य ठरले आणि जोडणीकडून उत्पादनाकडे वाटचाल सुरू झाली. उंच तोंडाची जी जीपगाडी आपल्या डोळ्यांपुढे येते, ते मॉडेल अमेरिकेत १९६८ साली बंद झाले, आपल्याकडे त्याचा वंश पुढे कित्येक वर्षे चालला.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, १९५३ मध्ये हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम निघाली. ज्या गावाला सडक नव्हती तिथे विकास अधिकारी, डॉक्टर, फवारणीची माणसे याच गाडीतून जाऊन पोचली. ओढ्याच्या पात्रातून, काळ्या मातीच्या चिखलातून. एखादा क्रॉस वाटेत तुटला तर औषध त्या दिवशी गावात पोचत नसे. दांड्याला ग्रीस घालणाऱ्या ड्रायव्हरचे काम किती मोलाचे होते ते यावरून कळावे. त्याची नोंद कुठल्याही अहवालात सापडायची नाही.

आता ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आजही आहे, त्यांच्यासाठी थोडे कामाचे बोलू. दांडा आपले दुखणे सांगतो, ऐकणारा हवा. गिअर टाकताना किंवा पाय उचलताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर क्रॉस किंवा सरकता सांधा सैल झाला आहे. हळू चालताना चिमणीसारखा चिवचिवाट आला, तर क्रॉस कोरडा पडला आहे. ठरावीक वेगालाच गाडी थरथरत असेल, तर दांडा वाकला आहे, त्याचा तोल गेला आहे किंवा बेचकी चुकीची बसली आहेत. कधी कधी नुसता चिखल वाळून दांड्याला चिकटलेला असतो, तो धुतला की थरथर जाते. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया गंजून दळल्या जात आहेत असे समजावे. तिथे ग्रीस भरून उपयोग नाही, क्रॉस बदलावा.

ग्रीस भरतानाही एक खूण लक्षात ठेवावी. निपलवर ग्रीसगन लावून दोन दाब दिले की काम झाले असे पुष्कळजण मानतात. ते बरोबर नाही. चारही टोप्यांतून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन ताजे दिसू लागेपर्यंत दाबत राहावे. तीन टोप्यांतून आले आणि चौथीतून आले नाही, तर तीच चौथी पुढे गाडी अडवील. सरकत्या सांध्यालाही वेगळे निपल असते, ते विसरू नये.

दांडा काढण्यापूर्वी गाडी सपाटीवर उभी करून चारही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. यात आळस करू नये, आणि त्याचे कारण या गाडीच्या रचनेतच आहे. युद्धकाळच्या आणि त्यानंतरच्या बऱ्याच जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे, दांड्याच्या तोंडाशी असतो. तो दांडा धरतो आणि दांडा चाके धरतो. मागचा दांडा सोडवला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाके मोकळी होतात. खाली माणूस झोपलेला असताना गाडी सरकली तर काय होईल ते सांगायला नको. वाटेत मागचा दांडा तुटला, तर तो काढून ठेवून पुढचा जोडून घरी येता येते ही या गाडीची मोठी सोय. पण मग वाटेत हँडब्रेकवर विसंबून चढावर थांबू नये.

सोडवण्याआधी दांडा आणि त्याचे तोंड यांवर छिन्नीने किंवा रंगाने खूण करावी, म्हणजे तो होता तसाच परत बसतो. नळीवर एखादा लहानसा पत्र्याचा तुकडा जोडलेला दिसेल. तो तोलासाठी कारखान्यात लावलेला असतो, डाग दिसतो म्हणून खरवडू नये. क्रॉसच्या सुट्या टोप्या दोरीने बांधून ठेवाव्यात, नाहीतर आतल्या सुया मातीत सांडतात आणि मोजून एक कमी भरते.

क्रॉस बदलताना हातोड्याचे काम कमी आणि व्हाइसचे जास्त. सर्क्लिप काढून टोप्या दाबून बाहेर काढाव्यात. बेचक्यावर घाव घातले तर त्याचे कान वाकतात, आणि मग नवा क्रॉसही महिन्यात जातो. नव्या टोप्या बसवताना सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून ठेवाव्यात. टोपी दाबताना अर्ध्यात अडली आणि सर्क्लिप खाचेत बसेना, तर बहुधा एक सुई आडवी पडलेली असते. तिथे जोर करू नये, टोपी काढून पाहावे. बसवल्यावर क्रॉस बोटांनी चारही बाजूंना हलला पाहिजे.

सर्वांत मोठी चूक होते ती सरकता सांधा परत घालताना. त्याच्या दात्यांत तो कसाही घुसतो. एक दोन दाते इकडेतिकडे झाले की दोन्ही टोकांची बेचकी एका पातळीत राहत नाहीत. हुकने सांगितलेली जमाखर्चाची वळती इथे चुकते, आणि दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा जास्त थरथरू लागते. मालक म्हणतो नवा क्रॉस खराब, दुकानदार म्हणतो मिस्त्री खराब. खरे म्हणजे सतराव्या शतकातली एक अट पाळायची राहून गेलेली असते. म्हणूनच पुष्कळ दांड्यांवर बाणाच्या खुणा असतात. त्या समोरासमोर आणाव्यात, आणि खुणा झिजल्या असतील तर नजरेने दोन्ही बेचकी एका रेषेत धरावीत.

अलीकडे हौसेने गाडी उंच करण्याची पद्धत आहे. स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटे वर उचलली की ती रुबाबदार दिसते, हे खरे. पण त्याबरोबर दांड्याचे कोन वाढतात, सरकत्या सांध्याची पकड कमी होते आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे उरत नाहीत. क्रॉस वारंवार जाऊ लागतात. तसेच पुढचा दांडा जोडून डांबरी रस्त्यावर गाडी हाकू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक फेडते, डांबरावर घसरता येत नाही, आणि तो पीळ दांड्यांत साठत जातो.

नव्या मोटारींत पुष्कळ सांधे कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे बंद केलेले असतात. त्यांना निपल नसते. वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही ही सोय मोठीच आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. स्पायसरने आरंभलेली वाटच पुढे तिथे पोचली आहे. पण बंद सांधा झिजला की तो बहुधा अख्खाच फेकावा लागतो. जुन्या जीपगाडीचा दांडा मात्र उघडणाऱ्याला ओळखून घडवलेला आहे. त्यातला झिजायचा तो क्रॉस. तो झिजतो, म्हणून बेचकी आणि दांडा वाचतात. बाजारात तो अजून मिळतो, आणि दोन तासांत बदलता येतो. सत्तर वर्षांपूर्वीची गाडी अजून शेतावर जाते याचे रहस्य यात आहे.

मात्र बदलणारे हात कमी होत चालले आहेत. तालुक्याच्या गॅरेजात ज्याला आवाजावरून क्रॉस की डिफरन्शियल हे सांगता येते, तो मिस्त्री आता म्हातारा झाला आहे. हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलेले नाही, आपल्या उस्तादाच्या हाताखाली पाने पुसता पुसता घेतलेले आहे. कार्दानोचे, हुकचे, स्पायसरचे नाव ग्रंथांत सुरक्षित आहे, त्यांची काळजी करायला नको. या मिस्त्रीजवळचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर जाईल. आपल्या औद्योगिक शाळांतील मुलांनी त्याच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे, आणि ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी आपल्या मुलाला एकदा तरी त्याच्या शेजारी गाडीखाली पाठवावे. पावसाळ्यापूर्वी ग्रीस भरायचे असतेच. चौथ्या टोपीतून ताजे ग्रीस येईपर्यंत गन दाबायला त्या मुलालाच सांगावे.